तीन ते पाच डबा माझा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज परत अडकलं! मोरपंखी साडीचा पदर अर्धा उघडा, माझं तोंड पूर्ण उघडं, आणि चित्र जागच्या जागी थांबलेलं. तिकडे नंदुरबार, शहादा, दोंडाईचाकडच्या साठ-सत्तर बाया फोनवर बघत बसलेल्या. इकडे सून पल्लवी फोन धरून उभी. तिला म्हटलं, हलव की! तर म्हणे, "मम्मी, फोन हलवून नेट हलत नाही."

एकीने खाली लिहिलं — "सरलामावशी, फोटो झाला का तुमचा? हार घालू का?" पुढे हसणारी सात तोंडं. पल्लवीने वाचून दाखवलं आणि आठवं तोंड तिचं. हसा!

तीनला सुरू केलं, चारपर्यंत तीनदा माझा फोटो झाला. साडी एकच गेली. ज्या बाईला गेली ती तर काहीपण घेतेच.

बावीस वर्षं सुरतच्या ह्या बमरोलीत दुसऱ्याच्या साड्यांचे धागे कापले. बोटांना कातरीचे घट्टे पडले. आता कुठे स्वतः साडी दाखवायला उभी राहिले, तर हा वायफायचा डबा लाल डोळा करून बसतो.

४ नोव्हेंबर

डब्याला कशाला बोलू. गुन्हेगार घरात आहे — माझा योगराज.

तो क्यामेरे आणि फोनवर चालणाऱ्या वस्तू बसवायच्या दुकानात कामाला. दुकानात मांडलेली वस्तू जुनी झाली की आमच्या घरी येते. घर केवढं? दोन खोल्या आणि पोटमाळा. त्यात फोनवर लागणारे बल्ब चार. फोनवर फिरणारा पंखा. टाकीच्या मोटारीला फोनवालं बटण. दारावर क्यामेरा — बकरी गेली तरी इच्छापोरला कामावर असलेल्या ह्याच्या खिशात घंटी वाजते, आणि हा तिकडून फोन करून मला विचारतो, "मम्मी, दारात कोण आहे?" बकरी आहे, बोलतोस का तिच्याशी?

आणि ती बोलणारी डबी! तिला हिंदी येतं, गुजराती येतं, इंग्रजी तर येतंच. आपलं येत नाही. आमचे हे मिलमधून आले की खाटेवर पडून तिला अहिराणीतच सांगतात — "पंखा लाव ना वं, कितलं सांगू तुले!" ती म्हणते, माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई. तीस वर्षांच्या संसारात मला कुणी एकदा माफ कर म्हटलं नाही. ही दिवसातून दहा वेळा म्हणते.

आता सांगा, एवढी सगळी एका डब्याच्या जिवावर बसली, तर माझ्या साडीला जागा कुठून मिळणार?

५ नोव्हेंबर

ह्यांनी आज अंधारात आंघोळ केली. मोरीतल्या बल्बाला नेट सापडेना. बाहेर आले तेव्हा कानात साबण तसाच होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

आनंदाची बातमी! 

दोंडाईच्याहून सखाराम पाटलांचा फोन आला. त्यांची मुलगी योगिता हिचं लग्न डिसेंबरात. बस्ता करायचाय. पूर्ण बस्ता! नवरीच्या पाच साड्या, मानाच्या, आहेराच्या, करवल्यांच्या, सगळ्या. आपल्याकडे बस्ता म्हणजे सुरतच. घरची पंधरा-वीस माणसं गाडीत बसून येणार, मार्केटात दिवसभर गादीवर बसणार, चहा पिणार, भांडणार, गाठोडी बांधून नेणार. पण पाटलांच्या घरात एक आहे — पहिली साडी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनेच उचलायची. ती म्हणजे सखाराम पाटलांची आई, जिजी. आणि जिजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरने प्रवास बंद सांगितलाय.

तर योगिता माझ्या साड्या फोनवर बघते. ती बापाला म्हणाली, त्या मावशींना सांगा, जिजींना घरबसल्या दाखवतील. पाटील म्हणाले, "ताई, रविवारी, सोळा तारखेला तीन वाजता दाखवा. जिजींना नीट दिसलं, पटलं, तर सगळा बस्ता तुमच्याकडे. नाही जमलं तर मग आम्ही बाकीचे मार्केटात जाऊ."

मी म्हटलं, जमलंच म्हणून समजा.

ह्यांना सांगितलं. खाटेवरूनच म्हणाले, "दुकान नही, पाटी नही, अन् बस्ता करस म्हने!"

बघाच. एकेक साडी विकणारी बाई वेगळी, आणि बस्ता करणारी बाई वेगळी. एकदा एका घराचा बस्ता केला की त्यांची भाऊबंदकी, मग त्यांचे व्याही, सगळे नाव विचारत येतात. मला ते नाव पाहिजे. बास.

९ नोव्हेंबर, रविवार

योगराजला म्हटलं, आज डबा बघ. म्हणे, "इच्छापोरच्या कारखान्यात चाळीस क्यामेरे लावायचेत, मम्मी, बुधवारी बघतो." रविवारी पण! गेला.

मग मीच बघितला. म्हणजे बाकी सगळं काढलं. बल्ब चार, खोबणीतून मोकळे. पंख्याची वायर. टाकीचं बटण. दारावरचा क्यामेरा स्टुलावर चढून फडक्यात बांधला. बोलणारी डबी तांदळाच्या पिंपात.

पाच मिनिटांत त्याचा फोन — "मम्मी, क्यामेऱ्याला काय झालं? काळोख दिसतोय."

म्हटलं, सुतक आहे त्याला.

१० नोव्हेंबर

तरी अडकलं!! घरात एक वस्तू चालू नाही, मेणबत्तीच्या उजेडात भाकरी केली, आणि तरी तीन वाजून बारा मिनिटांनी माझा फोटो झाला. ह्या वेळी एक डोळा मिटलेला.

ह्यांनी संध्याकाळी हाक मारून मारून डबी शोधली. पिंपातून आवाज काही आला नाही, वायरच काढलेली. म्हणाले, "आते कोनले सांगू मी?" करमेना त्यांना तिच्याशिवाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आता हे ऐक गं वही.

दुपारी शेजारची कमल आली. वीस वर्षांची शेजारीण, माझ्या आजारपणात धुणं धुतलेली. कमरेवर हात ठेवून दारात उभी. म्हणते, "सरला, तुझ्या डब्याला झालंय काय? आठ दिवस झाले, आमच्या टीव्हीवर नुसतं चाक फिरतंय. आमच्या प्रियाचा फोनवरचा क्लास पण अडकतो. योगराजला सांग ना नीट करायला. असं कसं चालेल?"

मी म्हटलं, तुमचा टीव्ही?

"मग! तूच नाही का दिलं?"

मीच दिलं!

१२ नोव्हेंबर

योगराजने रात्रीचं जेवण झाल्यावर फोन उघडून यादी काढली. आमच्या डब्यावर कोण कोण बसलंय ते त्यात दिसतं. चौतीस! त्यातले आमचे बारा — मी काढलेलं सगळं त्याने परत लावलं होतं. बाकी बावीस गल्लीचे. तो वाचत गेला — कमलचा टीव्ही, प्रियाचा फोन, लोटू तात्यांचा टीव्ही, तात्यांच्या बायकोचा, छायाचा फोन, समोरच्या भगवानचे दोन फोन, एक घड्याळ — हातातलं घड्याळ! ते कशाला बसलंय? — आणि एकाचं नाव नुसतंच "दीपकभाई कामरेज". हा कोण? तो माझ्या चुलत नणंदेचा जावई. श्रावणात आला होता, परवा परत आला असेल, त्याच्या फोनला आमचं घर आठवलं.

श्रावणातच झालं हे. आमच्या खान्देशची देवी, कानबाई, बसवली होती आमच्याकडे. रोटांचा प्रसाद होता, सगळी भाऊबंदकी जमली, गल्ली जमली. कुणी म्हणालं, वहिनी, नेटचा शब्द काय? आता योगराजने शब्द ठेवलेला कोणता — कानबाई, आणि पुढे घराचा नंबर. देवीच्या दिवशी, देवी समोर बसलेली, आणि कुणी तिचंच नाव मागतंय. नाही कसं म्हणू? मी तर मोठ्याने सांगितलं. दोनदा. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही म्हणून.

विहिरीतून चार घागरी जास्त गेल्या तर काय होतं, असं वाटलं होतं मला. योगराज कपाळावर हात मारून म्हणाला, "मम्मी, तू आठ दिवस मला शिव्या देतेयस."

दिल्या असतील. आणखी चार वस्तू आणल्या असत्यास, तर त्या शिव्या तुला लागूच पडल्या असत्या.

तो म्हणाला, एका मिनिटात शब्द बदलतो. सगळे बाहेर. कुणाला कळणारपण नाही कसं झालं ते.

मी हात धरला त्याचा. चोरून कुलूप लावायचं? आणि सकाळी नळावर त्याच बायांच्या तोंडाकडे बघायचं? प्रियाची परीक्षा आहे. ते नाही होणार माझ्याने. काय सांगायचं ते तोंडावर सांगीन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगून आले. सगळ्यांच्या घरी. रविवारी तीन ते पाच डबा माझा. त्या वेळात कुणाची वस्तू त्यावर दिसली तर मी घरात येऊन वायर उपटणार. बस्त्याचं पण सांगितलं, का ते कळायला पाहिजे ना.

भगवान म्हणाला, काही हरकत नाही काकू. लोटू तात्यांनी तोंड वाकडं केलं — "रविवारी क्रिकेट असतं, वहिनी." म्हटलं, तात्या, बॉल तुमच्यासाठी थांबत नाही, पण जिजी माझ्यासाठी थांबलीय. छाया आतून ओरडली, "बंद ठेवू हो! ह्यांचं मी बघते."

कमलचं मात्र बिनसलं. मी म्हटलं, तुझ्याच टीव्हीमुळे जास्त ओढ लागते गं. खरं ते बोलले. ती म्हणाली, "एवढं होतं तर तेव्हाच द्यायचं नव्हतं. दिलेलं मोजून दाखवतात होय?" आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं.

१४ नोव्हेंबर

कमल नळावर बोलली नाही. माझी घागर आधी भरू दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

मार्केटातून पसंतीवर सहा गाठोडी आणलेली. जे ठरेल ते ठेवायचं, बाकी शुक्रवारपर्यंत परत. भिंतीला नवी चादर लावली. देवीला नारळ ठेवला. अडीच वाजता योगराजने यादी बघितली — एकेक नाव पुसलं जातंय! तीनला फक्त आमचा फोन राहिला. डब्याचा डोळा हिरवागार. योगराज म्हणाला, "मम्मी, आख्खी गल्ली बंद आहे!" 

तीनला फोन लावला. काय चित्र आलं! आरशासारखं. पलंगावर जिजी, गुडघ्याला पट्टा, नाकात नथ, मागे सगळं घर. मी हिरवी काठाची उघडली. जिजी पुढे वाकून म्हणाली, "माय, जराखा पदर दखाड." दाखवला. तिने फोनवरच बोट टेकवलं. हीच. पहिली साडी झाली! तिकडे कुणीतरी गुळाचा खडा तिच्या तोंडात दिला. इकडे माझ्या डोळ्यात पाणी, पण मी नाक ओढून पुढची उघडली.

तेवढ्यात गल्ली आली. टीव्ही बंद, करायचं काय बायांनी? एकेक करून शिरल्या. खाटेवर, जिन्यावर, दारात. म्हटलं, बसा, आवाज करू नका. आवाज केला. पण जिजीला आवडला! तिने एकेकीला विचारलं, तू कुठली, तू कुणाची. मग म्हणते, साडी हातात दोरीवर टाकल्यासारखी दिसते, अंगावर टाकून दाखवा.

मग काय! समोर बसली होती तिला उठवलं, गुंडाळली साडी. दुसरी उठवली. आठ-दहा बाया नेसवल्या. एकोणीस साड्या ठरल्या! घड्याळात चार वाजलेत. मग लोटू तात्यांच्या छायाला लाल शालू दिला. छाया म्हणजे नव्वद किलोचा ऐवज. तिने मान खाली घातली, डोळे मिटले आणि नवरीसारखी पावलं टाकायला लागली — आणि धपकन गाठोड्यावर! दोन्ही पाय वर. सगळ्या अशा हसलो, अशा हसलो —

आणि अडकलं.

चित्र गच्च. डबा लाल. मग फोनच कटला.

माझ्या डोक्यात एकच नाव. कमल! तीच एक आली नव्हती. तशीच पायात काही न घालता गेले, दार ढकललं. म्हटलं, झालं समाधान?

आत अंधार. कमल जमिनीवर बसलेली, घामाने भिजलेली, हातात पुठ्ठा, वारा घेत. टीव्हीची वायर काढलेली. पंख्याची काढलेली. फ्रीजची पण. सगळ्या वायरी तिने ओळीने मांडून ठेवल्या होत्या. म्हणाली, "कशाने तुझं अडकेल ते मला कळेना. म्हणून सगळंच काढलं. दूध नासलं तर तुझ्या नावाने."

 धरणी पोटात घेईल तर बरं.

परत आले तर योगराज यादी घेऊन दारात. "मम्मी, घरातच एकवीस फोन आहेत." बघते तर काय — प्रत्येकीच्या हातात फोन वर धरलेला! घरचे टीव्ही बंद करून आल्या, आणि इथे बसून आख्खा बस्ता आपापल्या गावाला दाखवत होत्या. कुणी बहिणीला, कुणी जावेला. एक म्हणाली, "इतकं छान चाललंय वं, म्हटलं माझ्या माहेरचेपण बघतील."

सगळे फोन परातीत जमा केले. परत लावला. पाटलांनीच घेतला. चित्र नाही, नुसता आवाज. "ताई, राहू द्या आता. जिजी थकल्या. बघू."

बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. मुलगी बघायला आलेले पोहे खाऊन जाताना हेच म्हणतात.

१७ नोव्हेंबर

चार वेळा लावला. उचलत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कमलचं दूध खरंच नासलं होतं. अर्धा लिटर घेऊन गेले. म्हटलं, परवा मी तुझ्यावर भलता आळ घेतला. ती म्हणाली, "घेतलास तर घेतलास, चहा ठेव आता." मीच ठेवला, तिच्या घरात. साखर कुठे आहे ते मला विचारावं लागत नाही.

गल्लीतल्या बाया खजील झाल्यात. तीनदा कुणी ना कुणी भाजी आणून दिली. लोटू तात्यांनी तर पुरुषांना बसवून डब्याच्या बाऱ्याच लावून टाकल्या, गावाकडे शेताला पाणी द्यायच्या लावतात तशा. सकाळी पोरांचे क्लास, तीन ते पाच सरलावहिनी, सातनंतर टीव्ही. तात्यांच्या हाताने कागद लिहून आमच्या दाराला डकवलाय. क्रिकेटची बारी बघितली तर त्यांनी आपली दोनदा घातलीय.

पाटलांचा फोन नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नाहीच. योगिताला पल्लवीने लिहून पाठवलं, ते पण तसंच पडलंय. बस्ता मार्केटातच झाला असणार. गेले असतील. ठरवलेल्या एकोणीस बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्या आज परत गाठोड्यात घातल्या. हिरवी काठाची शेवटी घातली. उद्या दुपारी टेम्पोवाला येईल.

हे आज खाटेवरून उठून स्वतः आले, गाठ मारायला लागले. काही टोमणा मारला नाही. म्हटलं, बोला ना. म्हणाले, "गाठ घट्ट बांधू का सैल?"

सैल बांधा म्हटलं. का ते मलाच माहीत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेच्या गाडीने उधना स्टेशनवर अठरा माणसं उतरली. साडेसातला आमच्या दारात. सखाराम पाटील पुढे, मागे दोघांनी खुर्चीत उचलून आणलेली जिजी! पाटील माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "ताई, चार दिवस घरात हेच भांडण. जिजी म्हणते सुरतला चला, डॉक्टर नाही म्हणतो, आम्ही नाही म्हणतो, म्हणून तुमचा फोन कोणत्या तोंडाने उचलू? त्या दिवशी तुमच्याकडून अडकलं ना, ते थांबलेलं चित्र योगिताने फोनात धरून ठेवलं. सगळ्या तुम्ही तोंड उघडून हसताय. जिजी त्याच्याकडे बघत बसली. फोन हातातून सोडेना. म्हणे, मार्केट नको. मले त्यासमा बठनं शे — ह्या बायांमध्येच बसायचंय तिला."

जिजी आत्ता खाटेवर बसलीय, छाया आणि कमलच्या मध्ये. विचारतेय, पडली ती कोणती.

गाठी सोडतेय. राहिलेलं मग लिहीन.